चार लाखांचा नवरा

थायलंडच्या इमिग्रेशन खात्याच्या हिशेबात परदेशी नवरा चार लाख बाटचा असतो आणि परदेशी म्हातारा आठ लाखांचा. मी काही वर्षं नवरा होतो, आता म्हातारा आहे. मधल्या काळात बायको बदलली नाही, घर बदललं नाही, माझं वय तेवढं पन्नाशीच्या पलीकडे सरकलं. पासपोर्टातल्या शिक्क्याशेजारी पूर्वी ‘थाई बायको’ असं उमटायचं, आता ‘निवृत्ती’ उमटतं.

इथे भेटणारे मराठी लोक, आणि भारतातले नातेवाईक तर हमखास, एकच प्रश्न विचारतात. बायको थाई आहे, लग्न रीतसर नोंदलेलं आहे, संसार सुरळीत चाललाय, मग इथे राहायच्या परवानगीचं निम्म्या पैशात होणारं काम सोडून तू आठ लाख बाट बँकेत का कोंडून ठेवलेस? रुपयांत हा आकडा वीस लाखांच्या वर जातो, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. माझ्या मोठ्या भावाला तर यात काहीतरी काळंबेरं असणार असा दाट संशय आहे. फोनवर तो आवाज खाली आणून विचारतो, “सगळं ठीक आहे ना रे तुमचं?”

ठीक आहे. ठीक राहावं म्हणूनच तर आठ लाख कोंडले, असं मी त्याला सांगतो. पण ते फोनवर पटण्यासारखं नाही, म्हणून जरा सविस्तर.

मी इथे आलो नोकरीसाठी. बँकॉकच्या आग्नेयेला समुद्रकाठानं चोनबुरीपासून रयोंगपर्यंत कारखान्यांचा पट्टा आहे, त्यातल्या एका कारखान्यात. तेव्हा इमिग्रेशन म्हणजे काय हे मला जवळजवळ माहीतच नव्हतं. कंपनीचा माणूस पासपोर्ट घेऊन जायचा आणि शिक्का मारून आणायचा. वर्क परमिटही तोच बघायचा. नोकरी सुटली तेव्हा कळलं की नोकरीच्या शेवटच्या दिवसाबरोबर माझा मुक्कामही संपतो. घर होतं, बायको होती, स्कूटर होती, पण राहायला कारण उरलं नव्हतं.

कारण हा इथला कळीचा मुद्दा आहे. व्हिसा दारातून आत येण्यापुरता. ‘नॉन-इमिग्रंट ओ’ नावाचा व्हिसा ९० दिवस देतो. त्यापुढे जी मिळते ती मुक्कामाची मुदतवाढ, एका वेळी एका वर्षाची, आणि ती कशाच्या तरी आधारावर मागायची असते. नोकरी हा एक आधार, थाई माणसाशी झालेलं लग्न हा दुसरा, वयाची पन्नाशी हा तिसरा. फॉर्म एकच, टीएम ७. फी एकच, १,९०० बाट. मध्येच देशाबाहेर जायचं झालं तर आधी री-एन्ट्री परमिट घ्यायचं, एका खेपेचं १,००० बाट आणि हव्या तितक्या खेपांचं ३,८००. ते न घेता विमानात बसलात तर वर्षभराची मुदत तिथेच खलास. भारतातून अपरात्री फोन येऊ शकेल अशा वयाचे आईवडील असले की माणूस मुकाट्यानं ३,८०० भरून मोकळा होतो.

मी तेव्हा पन्नाशीचा नव्हतो. त्यामुळे लग्न.

लग्नाच्या आधारावर अर्ज करायचा तर नवऱ्याच्या नावच्या थाई बँक खात्यात चार लाख बाट अर्जाच्या आधी दोन महिने पडून असायला हवेत, किंवा महिना ४०,००० बाटची मिळकत हवी. हा त्यातला सोपा भाग. खरी तपासणी लग्नाची. लग्नाचा दाखला, कोर रोर ३, घरात कपाटात असतोच. पण त्याच्या जोडीला नोंदवहीचा उतारा, कोर रोर २, तालुका कचेरीतून ताजा काढून आणायचा. म्हणजे गेल्या वर्षी असलेलं लग्न या वर्षीही आहे, याची खातरजमा. बायकोचं ओळखपत्र. ‘थाबियन बान’, म्हणजे घराची नोंदवही, ज्यात त्या पत्त्यावरच्या थाई माणसांची नावं असतात. तिची वही निळी. परदेशी माणसानं खटपट केली तर त्याला पिवळी मिळते. घरापर्यंतचा नकाशा, मोठ्या रस्त्यापासून, शक्यतो हातानं काढलेला. या सगळ्याच्या झेरॉक्स, आणि प्रत्येक झेरॉक्सवर निळ्या शाईनं दोघांच्या सह्या. शेवटी एक थाई साक्षीदार, जो सांगेल की हे दोघं खरोखर नवराबायको म्हणून एका छपराखाली राहतात.

आणि फोटो. घराबाहेर, घराचा नंबर दिसेल असे. दिवाणखान्यात. स्वयंपाकघरात. काही कचेऱ्या झोपायच्या खोलीतला मागतात, आमच्या जिल्ह्याची कचेरी त्यातलीच. हा फोटो काढायचा कसा, हे कुठे लिहिलेलं नसतं. पहिल्या वर्षी आम्ही पलंगाच्या कडेला दोघं बसलो, हात मांडीवर, पाठ ताठ, आणि मेहुणीनं दारातून फोटो काढला. त्यात आम्ही दवाखान्यात नंबर यायची वाट बघतोय असं दिसतं. मेहुणी म्हणाली, जरा जवळ सरका. बायको म्हणाली, अजून जवळ सरकलो तर पोलिसांना वाटेल नाटक आहे. पोलिसांना म्हणाली ते बरोबरच, कारण थायलंडमध्ये इमिग्रेशन हे पोलिसांचंच एक खातं आहे. खिडकीपलीकडे बसलेली मुलगी गोड हसून बोलली तरी तिच्या खांद्यावर हुद्द्याच्या पट्ट्या असतात.

अर्ज दिला की पासपोर्टात ‘विचाराधीन’ असा शिक्का बसतो, महिन्याभराचा. लग्नाचे अर्ज जिल्ह्याच्या कचेरीत मंजूर होत नाहीत, वरच्या विभागीय कचेरीकडे जातात. या महिन्यात घरी तपासणी होऊ शकते. आमच्याकडे झाली. साध्या टी-शर्टातले दोघं आले, चपला बाहेर काढून आत आले, पाणी प्याले. एकानं घराच्या नंबरासमोर आम्हाला उभं करून स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढला. दुसरा शेजारी गेला. शेजारच्या बाई आमच्या साक्षीदार. सगळी गल्ली त्यांना ‘पा’ म्हणते, थोरली मावशी या अर्थानं, आणि मीही म्हणतो. कुंपण कंबरेइतकं, त्यामुळे प्रश्नोत्तरं सगळी ऐकू येत होती.

“हा परदेशी माणूस रात्री घरी असतो का?”

“असतो की. खोकतो. मला झोप लागत नाही.”

त्यानं ते लिहून घेतलं. त्या वर्षीची माझी मुदतवाढ त्या खोकल्यावर झाली, असं बायको आजही सगळ्यांना सांगते.

आता, संशय घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. पैसे घेऊन कागदावर लग्न लावणारे लोक इथे आहेत, तसे सगळ्याच देशांत असतात, आणि ज्या खात्याला दरवर्षी ढिगानं अर्ज तपासायचे आहेत त्यानं खोकल्याची चौकशी केली तर त्यांना नावं ठेवता येत नाहीत. आपलं सरकार तरी कुठे वेगळं वागतं? भारतीय माणसाच्या परदेशी बायकोला किंवा नवऱ्याला ओसीआय कार्ड, म्हणजे भारतात कायम ये-जा करायची आणि राहायची मुभा, हवं असेल तर लग्न नोंदलेलं हवं आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. घटस्फोट झाला की कार्ड रद्द. माझ्या बायकोनं हे वाचल्यावर विचारलं होतं, “म्हणजे पहिली दोन वर्षं तुमच्याकडे मी कोण?” मला उत्तर सुचलं नाही.

थाई नियमातली एक गोष्ट मात्र मला दरवर्षी नव्यानं चकित करायची. मुदतवाढीचे निकष २०१४ च्या पोलीस खात्याच्या आदेशात लिहिलेले आहेत. त्यात चार लाखांची अट आहे ती थाई बाईशी लग्न केलेल्या परदेशी पुरुषाला. थाई पुरुषाशी लग्न केलेल्या परदेशी बाईला पैसे दाखवावे लागत नाहीत. नवरा बायकोला पोसणार हे गृहीत धरलेलं, आणि परदेशी पुरुष बायकोच्या जिवावर बसून खाणार हेही गृहीतच धरलेलं. आमच्या घरात महिन्याचा पगार आणणारी तीच आहे, नगरपालिकेच्या कचेरीत. त्या आदेशाच्या दृष्टीनं अशी घरं नसतातच.

तिच्या पगारापेक्षाही तिच्या रजेचा प्रश्न मोठा होता. लग्नाच्या अर्जाला बायको समक्ष लागते. त्या दिवसाची रजा, नोंदवहीच्या उताऱ्यासाठी तालुका कचेरीत अर्धा दिवस, तपासणीवाले येणार म्हटलं की पुन्हा घरी थांबणं. रजा एकवेळ चालून जाते. न चालणारी गोष्ट वेगळीच होती, आणि ती आमच्या लक्षात यायला वेळ लागला. अर्जाच्या आठवड्यात आम्ही भांडत नव्हतो.

ऐकायला हे छान वाटतं. पण नवराबायकोला भांडता येत नाही म्हणजे काय, हे भांडणाऱ्या जोडप्यांनाच कळेल. माझं या देशात राहणं तिच्या सहीवर होतं. ती सही नाकारणार नाही हे मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं, आणि तरी ती गोष्ट दोघांच्या मध्ये येऊन बसायची. मी मुदत संपत आली की उगाच गोड वागायला लागायचो. पाण्याचे हंडे भरून ठेवायचो, तिच्या आईकडे आपणहून जायचो. तिला ते दिसायचं आणि तिचा संताप व्हायचा. एकदा झेरॉक्सच्या दुकानात, सह्या करता करता, ती पेन खाली ठेवून म्हणाली, “मी तुझी बायको आहे की जामीन?” दुकानदार मान खाली घालून मशिनमध्ये कागद भरत राहिला. या दुकानात, कचेरीच्या दारातच असल्यामुळे, असली वाक्यं त्यानं खूप ऐकली असणार.

मग माझी पन्नाशी झाली.

निवृत्तीच्या आधारावर मुदतवाढीसाठी लागतं वय, आणि आठ लाख बाट. किंवा महिना ६५,००० ची मिळकत. किंवा दोन्ही मिळून वर्षाचे आठ लाख. मिळकतीचं पत्र पूर्वी बरेच दूतावास देत. २०१९ उजाडताना अमेरिकी, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन दूतावासांनी ते देणं बंद केलं आणि इथल्या गोऱ्या पेन्शनरांमध्ये एकच हलकल्लोळ झाला. दरमहा पेन्शन येत होतं, पण त्याची खात्री द्यायला कोणी नव्हतं. त्याच वर्षी १ मार्चपासून बँकेतल्या रकमेचा नियमही कडक झाला. आठ लाख अर्जाआधी दोन महिने तर हवेतच, मंजुरीनंतरही तीन महिने त्यांना हात लावायचा नाही, आणि उरलेल्या काळात शिल्लक चार लाखांच्या खाली जाऊ द्यायची नाही. म्हणजे व्यवहारात चार लाख कायमचे अडकतात आणि वरचे चार लाख जवळजवळ निम्मं वर्ष. मी आठच्या आठ तसेच ठेवतो. त्या खात्याचं एटीएम कार्डसुद्धा मी घेतलेलं नाही, हात शिवशिवायला नको.

पैशाला काय विचारतात ते सांगतो. अर्जाच्या दिवशी सकाळी बँक उघडली की आम्ही पाचसहाजण दारात असतो. सगळे साठीच्या आसपासचे, सगळ्यांच्या हातात प्लॅस्टिकची पारदर्शक फाइल. खात्यात १०० बाट भरायचे. शंभर कशाला? तर पासबुकात आजच्या तारखेची ओळ उमटावी म्हणून. पासबुक मशिनमध्ये जातं, कर्रर्र आवाज होतो, आणि आठ लाखांच्या खाली आणखी एक ओळ येते. काउंटरवरची मुलगी बँकेचं पत्र देते. ते घेऊन इमिग्रेशनमध्ये जायचं, टोकन घ्यायचं. अधिकारी पासबुकाचं पान उलटते, शिल्लक रकमेच्या रकान्यावरून वरून खाली बोट फिरवते, कुठे अडत नाही ना ते बघते. बोट तळाशी पोचलं की शिक्का. साक्षीदार नाही, नकाशा नाही, पलंग नाही. ‘विचाराधीन’ नाही. माझं काम जेवणाच्या सुट्टीच्या आत उरकतं.

चार लाखांच्या नवऱ्याला खोकून दाखवावं लागतं. आठ लाखांचा म्हातारा रात्री घरी असतो की नसतो, याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. काही वर्षांपूर्वी या खात्याचं घोषवाक्य होतं, चांगली माणसं आत, वाईट माणसं बाहेर. चांगुलपणा पासबुकाच्या रकान्यात इतका चटकन दिसत असेल तर त्यांचं काम खूपच सोपं आहे म्हणायचं. त्यातूनच एजंट निपजतात. ज्याच्याकडे आठ लाख नाहीत त्याच्या खात्यात ते ‘दिसतील’ अशी सोय करून देणारे. नियम पैसा बघतो म्हटल्यावर पैसा दाखवण्याचा धंदा होणारच. तशी सोय घेणाऱ्यांना मी शहाणा म्हणत नाही, पण सत्तरी उलटलेल्या, पेन्शन कमी पडणाऱ्या माणसाला परत जायला घर उरलेलं नसतं, हेही मला दिसतं.

तर, माझ्या भावाच्या प्रश्नाचं उत्तर हे. बचतीतले आणखी चार लाख बाट बँकेत ठेवून आम्ही आमचं लग्न सरकारी तपासणीतून सोडवून आणलं. आता अर्जाच्या आठवड्यात आम्ही मोकळेपणी भांडतो. गेल्या खेपेला तर आदल्या रात्री कडाक्याचं भांडण झालं, कशावरून ते सांगण्यात अर्थ नाही, आणि सकाळी मी एकटाच फाइल काखेत मारून गेलो. ती कामावर गेली. दुपारी तिला शिक्क्याचा फोटो पाठवला तर उत्तर आलं, येताना कोथिंबीर आण.

फुकट काहीच नसतं. पहिला तोटा कामाचा. लग्नाच्या आधारावर राहणाऱ्याला वर्क परमिट मिळू शकतं. निवृत्तीच्या आधारावर राहणाऱ्यानं काम करायचंच नाही. आणि काम म्हणजे पगार घेतला तरच काम, असं नाही. मेहुणीचं हार्डवेअरचं दुकान आहे. गर्दीच्या वेळी मी तिथे मागच्या खुर्चीवर वर्तमानपत्र वाचत बसतो, आणि समोर गिऱ्हाईक खिळे मागत असताना उठून खिळे जोखत नाही. नव्या गिऱ्हाइकांना मी मेहुणीचा अत्यंत आळशी भावजी वाटतो. जुन्यांना कारण माहीत आहे, त्यांनाही तसंच वाटतं.

दुसरा तोटा लांबचा. थायलंडमध्ये कायमच्या वास्तव्याचा परवाना असतो, दर देशामागे वर्षाला १०० जणांचा कोटा. त्यासाठी सलग तीन वर्षांची मुदतवाढ लागते, पण ती नोकरीची किंवा कुटुंबाची. निवृत्तीची वर्षं त्यात धरत नाहीत. म्हणजे नवऱ्याच्या वाटेनं पुढे कुठेतरी जाता येतं, म्हाताऱ्याची वाट दरवर्षी त्याच खिडकीशी येऊन थांबते. हे मला आधीपासून माहीत होतं. तरी मी म्हातारा होणं पत्करलं.

तिसरा तोटा म्हणावा की नाही, कळत नाही. लग्नाची मुदतवाढ होती तेव्हा दरवर्षी आमचे फोटो निघत. त्याच कोचावर, त्याच पलंगाच्या कडेला. एरवी लग्नाला इतकी वर्षं झालेली जोडपी स्वतःचे फोटो काढतात कुठे? त्या प्रिंटांचा जास्तीचा संच बायकोनं जपून ठेवलाय. ओळीनं लावला की माझे केस मागे सरकताना दिसतात, भिंतीचा रंग बदलतो, एका वर्षी कोपऱ्यात मांजर येतं, पुढच्या वर्षी नसतं. पन्नाशीनंतरचा आमचा एकही फोटो त्यात नाही. सरकारनं मागितला नाही, आम्ही काढला नाही.

बाकी जाच दोन्हीकडे सारखाच. दर ९० दिवसांनी ‘मी अजून त्याच पत्त्यावर आहे’ हे कळवायचं. फॉर्म टीएम ४७, तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत. भारतात पेन्शनवाले नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतात, तसंच हे, फक्त वर्षातून चारदा. हल्ली ते ऑनलाइन होतं, जेव्हा होतं तेव्हा. आणि घरात परदेशी माणूस राहायला आला की चोवीस तासांत टीएम ३० भरायचा तो घरमालकानं. इथे परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही, घर बायकोच्या नावावर. त्यामुळे ‘माझ्याकडे एक परदेशी इसम राहतो’ असं पोलिसांना कळवणारी माझी बायको. बायको म्हणून तिनं माझी हमी घ्यायची थांबवली, पण घरमालकीण म्हणून तिची सही अजून लागतेच. भाडं द्यायला लागशील का, असं ती अधूनमधून विचारते.

अलीकडे आमच्या घरात या आठ लाखांवरून वेगळीच चर्चा सुरू झाली आहे. निमित्त झालं आमच्याच गल्लीतल्या एका परदेशी माणसाच्या जाण्याचं. निवृत्तीवरच होता, बायको थाई. खात्यात मुदतवाढीचे पैसे होते, पण खातं अर्थातच एकट्याच्या नावावर, कारण दोघांच्या नावचं खातं मुदतवाढीला सहसा चालत नाही. माणूस गेला, खातं गोठलं. आता बायकोनं कोर्टात जाऊन वारसा व्यवस्थापक म्हणून नेमणूक करून घ्यायची, मग बँक दार उघडणार. तोवर अंत्यविधीचा खर्च, भिक्षूंची दक्षिणा, पाहुण्यांचं जेवण, सगळं तिनं सोन्याची साखळी गहाण टाकून केलं. माझी बायको त्या घरी सातही रात्री भांडी घासायला होती. परत आल्यावर तिनं मला सरळच विचारलं, “तुझ्या म्हातारपणाचे पैसे माझ्या हातात कधी येणार?”

मृत्युपत्र हा त्यावरचा पहिला इलाज. थायलंडमध्ये ते स्वतःच्या हस्ताक्षरात, तारीख घालून, सही करून ठेवलं तरी चालतं. पण माझी थाई लिखावट पाहून बायकोच म्हणाली की कोर्ट हे वाचणार नाही. दुसरा मार्ग म्हणजे तालुका कचेरीत जाऊन अधिकाऱ्यासमोर करायचं. त्याला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला मिळणार तो साक्षीदार होऊ शकत नाही, म्हणजे ती नाही. साक्षीदारांतून सुटलो असं मला वाटत होतं. आणि मृत्युपत्र केलं तरी कोर्टाची पायरी काही चुकत नाही, नेमणूक लवकर होते इतकंच.

दुसरा इलाज तिचा आहे. ती म्हणते, परत माझ्यावर मुदतवाढ घे. चार लाख मोकळे होतील. त्यातले दोन माझ्या नावावर ठेव, उरलेल्या दोनात छप्पर करून घेऊ, गेल्या पावसात मागच्या खोलीत बादल्या लावल्या होत्या ते विसरलास का? मी तिला रजांची आठवण करून दिली. तालुका कचेरी, निळ्या शाईतल्या सह्या, तपासणीवाले. ती म्हणाली, आता तिच्या निवृत्तीला फार दिवस उरले नाहीत, रजा कुठे न्यायच्या आहेत? मी जामीन-बायकोवालं वाक्य काढून बघितलं. असं काही बोलल्याचं तिला आठवत नाही.

छप्पर गळतं हे खरं आहे. चार लाख जवळजवळ बिनव्याजी पडून आहेत हेही खरं. आणि तिनं मला एकदाही म्हटलं नाही की कागदावर बायको म्हणून राहायला मला बरं वाटेल. तसं असेल तर ते तिनं छपराच्या पत्र्यांत घालून सांगितलं, आणि मी ते विचारायला गेलो तर ती पत्र्यांचाच हिशेब सांगेल.

मी अडचण काढली साक्षीदाराची. पा मुलाकडे बँकॉकला राहायला गेल्या, त्यांच्या घरी आता भाडेकरू आहेत आणि त्यांनी माझा खोकला ऐकला असेल असं नाही. बायकोनं त्याचीही सोय आधीच करून ठेवलेली निघाली. गावच्या फू याय बानला, म्हणजे इथल्या पाटलाला, ती विचारून आली होती. तो यायला तयार आहे. फोटोसाठी शर्ट कुठला घालू, एवढंच त्यानं विचारलं म्हणे. माझी आत्ताची मुदत मार्चपर्यंत आहे.